पायथॉनचं लॉगिंग गप्प का बसतं, आणि एकच ओळ दोनदा का छापतं

चार ओळींचा एक प्रोग्राम घ्या. पहिल्या ओळीत लॉगिंग मॉड्यूल, म्हणजे प्रोग्राम चालताना काय घडलं याच्या नोंदी ठेवणारं मॉड्यूल, इम्पोर्ट करा. दुसरीत लॉगिंग.इन्फो वापरून "सुरुवात" असा संदेश पाठवा. तिसरीत लॉगिंग.बेसिककॉन्फिगला लेव्हल (किती महत्त्वाच्या संदेशापासून नोंद ठेवायची ती पायरी) डीबग आणि एका फाइलचं नाव द्या. चौथीत लॉगिंग.डीबगने आणखी एक संदेश पाठवा. प्रोग्राम चालवला की स्क्रीनवर काही येत नाही, फाइल तयार होत नाही आणि एररही दिसत नाही. आता दुसरी ओळ पुसून पुन्हा चालवा. फाइल तयार होते आणि तिच्यात डीबगचा संदेशही असतो.

म्हणजे स्वतः काहीही न छापणाऱ्या ओळीने पुढच्या ओळीचं काम बंद पाडलं. हा पायथॉनमधला बग नाही. दस्तऐवजात हे वागणं स्पष्ट लिहिलेलं आहे, फक्त ते वाचायची वेळ बहुतेकांवर फाइल न सापडल्यावरच येते.

(या लेखात कोडमधली नावंही देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत, कॅपिटल अक्षरं जिथल्या तिथे ठेवून लिहायची.)

यामागचं कारण एका वाक्यात सांगता येतं. लॉगिंगची मांडणी तुमच्या फाइलपुरती नसते, ती अख्ख्या प्रोसेसमध्ये एकच असते. तुमचा कोड, तुम्ही इम्पोर्ट केलेली प्रत्येक लायब्ररी आणि तुमचा प्रोग्राम चालवणारं वातावरण हे सगळे त्याच एका मांडणीत हात घालतात. त्यामुळे तुम्ही काय लिहिलंत याइतकंच कोण आधी आलं आणि कोण नंतर, याला महत्त्व असतं.

बेसिककॉन्फिग: पहिला येईल तो जिंकेल

तुमच्या कोडकडून संदेश घेणाऱ्या ऑब्जेक्टला लॉगर म्हणतात. सगळ्या लॉगरांच्या मुळाशी एक रूट लॉगर असतो. संदेश लिहिण्याचं काम लॉगर स्वतः करत नाही. ते त्याला जोडलेले हँडलर करतात: एखादा कन्सोलवर लिहितो, एखादा फाइलमध्ये. बेसिककॉन्फिगचं काम म्हणजे रूटला एक हँडलर जोडणं, त्याचा फॉर्मॅट ठरवणं आणि रूटची लेव्हल लावणं. पण हे सगळं एका अटीवर होतं: रूटला आधीपासून एकही हँडलर नसला पाहिजे. असला, तर बेसिककॉन्फिग काहीही न करता परत येतं. फाइलचं नाव, फॉर्मॅट, लेव्हल, सगळं सोडून देतं. एखाद्या आर्ग्युमेंटचं स्पेलिंग चुकलं असेल तर एरवी व्हॅल्यूएरर मिळते, पण ती तपासणीही या अटीच्या आतच आहे, त्यामुळे अशा वेळी तीसुद्धा मिळत नाही.

मग आधीचा हँडलर कुठून आला? दुसऱ्या ओळीतून. लॉगिंग.डीबग, लॉगिंग.इन्फो, लॉगिंग.वॉर्निंग ही थेट मॉड्यूलवरची फंक्शनं रूटला हँडलर नाही असं दिसलं की स्वतःच बेसिककॉन्फिग बोलावतात, तेही कोणत्याही आर्ग्युमेंटशिवाय. रूटला स्टँडर्ड एररवर (प्रिंटपेक्षा वेगळ्या, पण टर्मिनलमध्ये स्क्रीनवरच दिसणाऱ्या वाटेवर) लिहिणारा हँडलर जोडला जातो, लेव्हल मात्र मुळातली वॉर्निंगच राहते. इन्फो तिच्या खालचा, म्हणून संदेश दिसत नाही. हँडलर मात्र जोडलेला राहतो.

खऱ्या प्रकल्पात ही दुसरी ओळ तुमच्या फाइलमध्ये नसतेच. ती तुम्ही वरती इम्पोर्ट केलेल्या कुठल्यातरी मॉड्यूलमध्ये, इम्पोर्ट होतानाच चालणारी असते. म्हणूनच "काल चालत होतं, आज फक्त इम्पोर्टचा क्रम बदलला" अशी तक्रार ऐकू येते आणि ती खरी असते.

कधी हँडलर वातावरणच जोडून ठेवतं. एडब्ल्यूएस लॅम्डा या क्लाउडवर कोड चालवणाऱ्या सेवेचं पायथॉन रनटाइम तुमचा कोड सुरू होण्याआधी रूटला स्वतःचा हँडलर लावतं. पायटेस्ट हे टेस्ट चालवणारं साधन टेस्ट चालू असताना संदेश पकडण्यासाठी आपले हँडलर रूटवर बसवतं. दोन्ही ठिकाणी साधं बेसिककॉन्फिग निष्फळ ठरतं.

पायथॉन ३.८ पासून बेसिककॉन्फिगला फोर्स=ट्रू देता येतं. मग ते रूटवरचे जुने हँडलर काढून, बंद करून नव्याने मांडणी करतं. स्वतःच्या मशीनवर चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी हा उपाय ठीक आहे. लॅम्डावर मात्र तो जरा आडदांड ठरतो, कारण रनटाइमचा हँडलर प्रत्येक ओळीला रिक्वेस्टचा आयडी जोडत असतो आणि तो हँडलर गेला की आयडीही जातो. तिथे रूट लॉगर मागवून त्याला फक्त सेटलेव्हल करणं पुरतं.

लॉगर.इन्फो आणि लॉगिंग.इन्फो यांतला फरक इथेच लक्षात घ्यावा. गेटलॉगरने मिळवलेल्या लॉगरच्या मेथड बेसिककॉन्फिगला कधीच बोलावत नाहीत. मॉड्यूलवरची फंक्शनं आठवायला सोपी आहेत, पण दहा ओळींपेक्षा मोठ्या कोणत्याही कोडमध्ये ती वापरू नयेत असं आमचं मत आहे.

दोन दारं

लेव्हल म्हणजे शेवटी आकडे: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. नॉटसेट ० आहे. लॉगरच्या बाबतीत त्याचा अर्थ "माझं असं काही मत नाही, वर विचारा" असा होतो.

संदेशाला दोन दारं ओलांडावी लागतात. पहिलं लॉगरचं. ज्या लॉगरवर तुम्ही संदेश पाठवला त्याची परिणामी लेव्हल पाहिली जाते: त्याची स्वतःची असेल तर ती, नसेल तर त्याच्या वरच्या लॉगरांपैकी ज्याची पहिली लावलेली सापडेल ती, शेवटी रूटची. दुसरं दार हँडलरचं. प्रत्येक हँडलरला स्वतःची लेव्हल असते आणि ती मुळात ० असते, म्हणजे तो कुणालाच अडवत नाही.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक इथली आहे. नवा हँडलर बनवला, हँडलरला डीबग लेव्हल लावली, लॉगरला जोडला, आणि डीबगचे संदेश येत नाहीत. लॉगरला काही लावलेलं नाही, म्हणून तो रूटची वॉर्निंग घेतो आणि संदेश पहिल्याच दाराशी थांबतो. हँडलरपर्यंत तो पोचतच नाही. लॉगर उदार ठेवावा, गाळणी हँडलरवर लावावी: लॉगरला डीबग, फाइलच्या हँडलरला डीबग, कन्सोलच्या हँडलरला इन्फो.

उलट टोक असं की रूटला डीबग लावलं आणि स्क्रीनवर भलत्याच ओळींचा पूर आला. वेबवरून माहिती मागवण्यासाठी तुम्ही रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरत असाल तर तिच्या आतल्या यूआरएललिब३ लायब्ररीने उघडलेलं प्रत्येक कनेक्शन आता दिसायला लागेल, कारण तिच्या लॉगरला लेव्हल नाही आणि तो रूटची घेतो. गेटलॉगरला त्या लायब्ररीचं नाव देऊन तिला वॉर्निंगवर नेलं की तेवढा भाग शांत होतो.

आणि कुणीच काही मांडणी केली नसेल तर? संदेशाला वरपर्यंत एकही हँडलर भेटला नाही, तर पायथॉन ३.२ पासून लास्टरिसॉर्ट नावाचा शेवटचा हँडलर पुढे येतो. तो वॉर्निंग आणि त्यावरचेच संदेश घेतो आणि स्टँडर्ड एररवर नुसता मजकूर छापतो, ना वेळ, ना लेव्हल, ना लॉगरचं नाव. म्हणून उघडीबोडकी ओळ दिसली की समजावं, मांडणी झालेलीच नाही. ओळ "वॉर्निंग, कोलन, रूट, कोलन, मजकूर" अशी दिसली तर कुणीतरी फॉर्मॅट न देता बेसिककॉन्फिग चालवलेलं आहे. तपासाची सुरुवात या फरकापासून करावी.

वर जाणारा संदेश

लॉगरांची नावं टिंबांनी जोडलेली असतात. "दुकान.बिल.जीएसटी" या लॉगरचा पालक "दुकान.बिल", त्याचा पालक "दुकान", त्याच्या वर रूट. संदेश खालच्या लॉगरवर स्वीकारला गेला की तो त्याच्या हँडलरांकडे जातो, मग पालकाच्या हँडलरांकडे, मग त्याच्याही पालकाच्या. याला प्रोपगेशन म्हणतात.

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. वर जाताना पालक लॉगरची लेव्हल विचारलीच जात नाही. त्याचे फिल्टरही (संदेश अडवणारे किंवा बदलणारे कोडचे तुकडे) लागत नाहीत. सरकारी कचेरीत खालच्या टेबलावर मंजूर झालेली फाइल वर जावी, वरच्या साहेबांनी ती उघडूही नये आणि त्यांच्या शिपायाने मात्र प्रत काढून घ्यावी, असा हा कारभार आहे. साहेब म्हणजे पालक लॉगर, शिपाई म्हणजे त्याचा हँडलर. शिपायाची स्वतःची लेव्हल मात्र पाहिली जाते.

याचे दोन परिणाम. रूटला एरर लावलं म्हणून सगळं शांत होईल असं नाही. एखाद्या मॉड्यूलने आपल्या लॉगरला स्वतः डीबग लावून घेतलं असेल, तर त्याचे डीबग संदेश रूटच्या हँडलरमधून बिनदिक्कत छापले जातात. अडवायचे असतील तर रूटच्या हँडलरला लेव्हल लावा.

दुसरा परिणाम जास्त महागात पडू शकतो. लॉगमध्ये आधार क्रमांक किंवा मोबाइल नंबर जाऊ नयेत म्हणून एक फिल्टर लिहिला, तो आकड्यांच्या जागी फुल्या टाकतो, आणि "सगळ्यांना लागू होईल" म्हणून रूट लॉगरला जोडला. तो फक्त थेट रूटवर पाठवलेल्या संदेशांना लागतो. "दुकान.बिल"वरून आलेला संदेश रूटच्या हँडलरमधून जातो, पण रूट लॉगरच्या फिल्टरमधून जात नाही. आधार क्रमांक फाइलमध्ये जसाच्या तसा उतरतो. चाचणी करणाऱ्याने लॉगिंग.इन्फो वापरून तपासलं असेल तर त्याला सगळं ठीक दिसेल, कारण ते फंक्शन रूटवरच लिहितं. असा फिल्टर हँडलरला जोडायचा, प्रत्येक हँडलरला.

एकच ओळ दोनदा

दुहेरी ओळींची दोन वेगळी कारणं आहेत आणि ओळींकडे नीट पाहिलं की कोणतं ते कळतं.

दोन ओळी वेगवेगळ्या फॉर्मॅटमध्ये असतील, एक तुमच्या आणि एक "इन्फो, कोलन, नाव, कोलन" अशा साच्यात, तर तुमच्या लॉगरला एक हँडलर आहे आणि रूटला दुसरा. संदेश दोन्हीकडे गेला. हँडलर एकाच ठिकाणी ठेवा, शक्यतो रूटवर. एखाद्या लॉगरचे संदेश खरोखरच फक्त त्याच्या फाइलमध्ये हवे असतील तर त्याचं प्रोपगेट फॉल्स करा. पण सरसकट प्रोपगेट बंद करत सुटू नका. पायटेस्टचं संदेश पकडणं रूटवर अवलंबून असतं आणि मग टेस्टमध्ये "संदेशच आला नाही" म्हणून शोधाशोध सुरू होते.

दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या असतील आणि काही वेळाने त्या तीन, चार, पाच होत जात असतील, तर कुठलंतरी फंक्शन पुन्हा पुन्हा अ‍ॅडहँडलर करतंय. गेटलॉगरला तेच नाव दिलं की दर वेळी तोच ऑब्जेक्ट मिळतो, नवा नाही. ज्युपिटर नोटबुकमध्ये हँडलर जोडणारा सेल पाच वेळा चालवला की त्या लॉगरला पाच हँडलर असतात. फंक्शनच्या सुरुवातीला लॉगर.हँडलर्स रिकामी आहे का ते पाहावं आणि असेल तरच जोडावं. त्यासाठी हॅजहँडलर्स ही मेथड वापरताना जपून: ती पालकांकडेही पाहते, त्यामुळे रूटला हँडलर असला तरी ती "हो" म्हणते.

डिक्टकॉन्फिग: शेवटी येईल तो पुसेल

बेसिककॉन्फिग पहिल्याला मान देतं. सगळी मांडणी एका डिक्शनरीतून घेणारं डिक्टकॉन्फिग आणि ती फाइलमधून वाचणारं जुनं फाइलकॉन्फिग यांचा स्वभाव नेमका उलटा आहे. दोघांनाही डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स नावाचा एक पर्याय आहे आणि तो सांगितला नाही तर ट्रू धरला जातो. अर्थ असा: मांडणी लागू होण्याच्या क्षणी जे लॉगर आधीच अस्तित्वात आहेत आणि ज्यांचं किंवा ज्यांच्या पालकाचं नाव मांडणीत नाही, ते सगळे बंद. रूटचं नाव या हिशेबात धरत नाहीत. बंद म्हणजे खरंच बंद: क्रिटिकल संदेशसुद्धा कुठेही जात नाही, लास्टरिसॉर्टही मदतीला येत नाही.

आता नेहमीची पद्धत आठवा. प्रत्येक मॉड्यूलच्या वरच्या भागात गेटलॉगरला त्या मॉड्यूलचं नाव देऊन लॉगर बनवलेला असतो. मुख्य फाइल आधी सगळी मॉड्यूलं इम्पोर्ट करते आणि मग डिक्टकॉन्फिग चालवते. म्हणजे मांडणीच्या आधीच सगळे लॉगर जन्मलेले असतात आणि मांडणीत फक्त रूट असेल तर सगळे एकदम मुके होतात. इम्पोर्ट उशिरा झालेलं एखादं मॉड्यूल मात्र बोलत राहतं. दोन मॉड्यूलांत एकच कोड, एक बोलतं, एक बोलत नाही: हे दृश्य दिसलं की पहिला संशय इथेच घ्या.

अलेम्बिक वापरणाऱ्यांना हे आणखी आडवाटेने भेटतं. डेटाबेसच्या मायग्रेशनसाठी (त्याच्या रचनेत बदल करण्यासाठी) अलेम्बिक हे साधन जी एन्व्ह नावाची पायथॉन फाइल तयार करून देतं, तिच्यात फाइलकॉन्फिगची एक ओळ असते. कमांड वेगळी चालवली तर काही बिघडत नाही. पण अ‍ॅप सुरू होताना त्याच प्रोसेसमध्ये मायग्रेशन चालवली की अ‍ॅपचे आधीचे लॉगर तिथून पुढे गप्प होतात. लॉगमध्ये मायग्रेशनपर्यंतच्या ओळी आणि नंतर काहीच नाही, असं चित्र दिसतं आणि माणूस अ‍ॅप अडकलं असं समजून भलतीकडे शोधत बसतो. त्या ओळीत डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स=फॉल्स घातलं की लॉगर बंद पडत नाहीत.

मुळात हा पर्याय ट्रू का? जुन्या कोडचं वागणं बदलू नये म्हणून. लॉगिंग मॉड्यूल २००३ साली पायथॉन २.३ बरोबर आलं. विनय साजिप यांनी ते लिहिलं आणि त्यावर जावाच्या लॉग४जेची छाप आहे. बाकीच्या पायथॉनशी न जुळणारी गेटलॉगर, सेटलेव्हल अशी मधेच कॅपिटल अक्षर येणारी नावं तिथूनच आली. तेव्हाचे निर्णय आता बदलले तर जगभरातलं चालतं कोड हलेल, म्हणून ते तसेच ठेवले आहेत. तुमच्या नव्या कोडमध्ये हा पर्याय दर वेळी फॉल्स म्हणून स्पष्ट लिहा. अपवाद करावासा वाटेल असं कारण क्वचितच सापडतं.

डिक्टकॉन्फिगचा आणखी एक सापळा नावाचा आहे. मांडणीत "दुकान" या लॉगरला हँडलर दिला, दुकान पॅकेजमधली सगळी मॉड्यूलं नीट बोलतात, फक्त तुम्ही थेट चालवलेली मुख्य फाइल बोलत नाही. थेट चालवलेल्या फाइलचं मॉड्यूल-नाव "दुकान.मुख्य" नसतं, दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोअर असलेलं "मेन" असतं. त्याचा पालक रूट, दुकान नव्हे. हँडलर दुकानऐवजी रूटला द्या, किंवा मुख्य फाइलमध्ये लॉगरचं नाव हाताने लिहा.

ओळ दिसत नाही तेव्हा काय पाहावं

अंदाज बांधत बसण्यापेक्षा संदेश पाठवण्याच्या जागीच प्रिंट लावा. आधी लॉगर.डिसेबल्ड. ते ट्रू असेल तर डिक्टकॉन्फिग किंवा फाइलकॉन्फिग हाच आरोपी. मग लॉगर.गेटइफेक्टिव्हलेव्हल, ३० आलं आणि तुम्ही इन्फो पाठवत असाल तर पहिलं दार बंद आहे. मग लॉगिंग.रूट.मॅनेजर.डिसेबल. हा आकडा ० हवा. कुणी लॉगिंग.डिसेबल फंक्शन बोलावलं असेल तर तो मोठा असतो आणि त्या लेव्हलपर्यंतचे संदेश अख्ख्या प्रोसेसमध्ये बंद असतात. टेस्टमध्ये कटकट नको म्हणून कुणीतरी ती ओळ टाकतं आणि काढायला विसरतं.

हे तिन्ही ठीक असतील तर साखळी चढा. एक व्हाइल लूप लिहा: लॉगरचं नाव, लेव्हल, प्रोपगेट आणि हँडलरांची यादी छापा, मग लॉगर.पेरेंटवर जा, नन येईपर्यंत. हँडलरच्या छापील रूपात त्याची लेव्हल दिसते, आणि फाइलचा हँडलर असेल तर पूर्ण मार्गही. हा मार्ग नीट वाचा. फाइलचं नाव सापेक्ष दिलं असेल तर ती प्रोग्राम जिथून चालवला त्या फोल्डरमध्ये तयार होते, स्क्रिप्ट जिथे आहे तिथे नव्हे. क्रॉनने (ठरलेल्या वेळी आपोआप) चालवलेल्या प्रोग्रामची लॉग फाइल बहुतेकदा वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये सापडते.

कन्सोलचा हँडलर मुळात स्टँडर्ड एररवर लिहितो हेही ध्यानात असू द्या. टर्मिनलमध्ये प्रोग्रामपुढे एकेरी बाणाचं चिन्ह देऊन आउटपुट फाइलमध्ये वळवलं, तर प्रिंटच्या ओळी फाइलमध्ये जातात आणि लॉगच्या स्क्रीनवरच राहतात. स्ट्रीमहँडलरला सिस.स्टँडर्डआउट दिलं की दोन्ही एकाच वाटेने जातात.

मराठी मजकूर लॉग करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती विंडोजवरच आडवी येते. ग्राहकाचं नाव देवनागरीत आहे, फाइलहँडलरला एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये कोणत्या तक्त्यानुसार साठवायची ते) सांगितलेलं नाही. लिनक्सवर सहसा यूटीएफ-८ असतं म्हणून चालून जातं. इंग्रजी विंडोजवर फाइल बहुधा सीपी१२५२मध्ये उघडते आणि त्या तक्त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. फाइलहँडलर स्वतः बनवला असेल तर ती ओळ फाइलमध्ये जात नाही. स्टँडर्ड एररवर "लॉगिंग एरर" असा मथळा आणि युनिकोड एन्कोड एररचा माग छापला जातो, पण प्रोग्राम पुढे चालू राहतो. विंडोज सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तो मथळा बघायलाही कुणी नसतं, आणि लॉगमधून नेमक्या देवनागरी नावांच्या ओळी गायब असतात. तीच फाइल पायथॉन ३.९ किंवा पुढच्या आवृत्तीत बेसिककॉन्फिगने उघडली असेल तर लक्षण वेगळं दिसतं: ओळ येते, पण अक्षरांच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडी कोड असे तुकडे येतात, कारण तिथे एररचा पर्याय मुळातच तसा ठरवलेला आहे. दोन्हींवर इलाज एकच, एन्कोडिंग="यूटीएफ-८" असं स्पष्ट लिहिणं. फाइलहँडलर ते पूर्वीपासून घेतो, बेसिककॉन्फिग ३.९ पासून.